त्रैराशिक

लहानपणीं पाठ केलेल्या गोष्टींपैकीं बहुतेक मनुष्य पुढें विसरून जातो. ज्या थोड्या विसरत नाहीं त्या त्याला जन्मभर पुरतात, आणि क्वचित् प्रसंगीं फसवितातहि. आमच्यापुरतें बोलावयाचें तर हा मान त्रैराशिकाचा आहे. धुळ्याच्या ज्या प्राथमिक शाळेंत आम्ही शिकलों, तेथें गुरुजी फळ्यावर तीन आंकडे मांडीत आणि चवथ्याची जागा मोकळी ठेवीत. दोन क्विंटल कापसाचे इतके रुपये, तर तीन क्विंटलांचे किती? सारा वर्ग एका सुरांत उत्तर देई. प्रश्न कापसाचा असो, केळ्यांच्या घडांचा असो, कीं विहीर खणणाऱ्या मजुरांचा असो, तीन गोष्टी ठाऊक असल्या कीं चवथी आपोआप हातीं येते, याचा त्या वयांत आम्हांस विलक्षण आनंद होई. पुढें आम्हीं गणिताची पदवी घेतली, इंग्रजी ग्रंथ वाचले, आणि अठ्ठावीस वर्षें जळगांवच्या महाविद्यालयांत तोच विषय शिकविला. परंतु वस्तु वस्तूशीं प्रमाणानें बांधलेली आहे ही त्या वर्गांत बसलेली श्रद्धा मनाच्या तळाशीं तशीच राहिली.

ही श्रद्धा आमच्या एकट्याची नव्हे. खानदेशास तिचा वारसाच आहे. चाळीसगांवजवळ पाटण येथें देवीच्या देवळांत एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चंगदेव हे यादव राजा सिंघण याचे मुख्य ज्योतिषी होते. आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्यांनीं तेथें मठ स्थापिला, आणि निकुंभ वंशांतील राजांनीं इ. स. १२०७ मध्यें त्यास दान करून दिलें, असें त्या लेखांत नमूद आहे. एकोणिसाव्या शतकांत डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं तो लेख विद्वानांच्या नजरेस आणला. इ. स. ११५० मध्यें रचलेल्या ‘लीलावती’त आचार्यांनीं त्रैराशिकास सर्व गणित व्यापून राहिलेल्या विष्णूची उपमा दिली आहे. मात्र त्याच ग्रंथांत व्यस्त त्रैराशिकहि सांगितलें आहे. म्हणजे रीत लावण्यापूर्वीं ती येथें लागू आहे कीं नाहीं हें पाहावें, असा इषारा आठ शतकांपूर्वींच देऊन ठेवलेला आहे. आम्ही तो वर्गांत दर वर्षीं सांगत होतों. घरीं मात्र विसरलों, आणि त्याचें प्रायश्चित्त आमच्या आईस भोगावें लागलें. ती हकीकत सांगण्यासाठींच हा लेख लिहावयास घेतला आहे.

आमची आई धुळ्यास धाकट्या भावाजवळ राहते. तिचें वय ७८ वर्षें व वजन ४६ किलो. तीन वर्षांपूर्वीं तिला अर्धांगाचा हलका झटका आला. हातपाय पुढें सांवरले, परंतु कांहीं महिन्यांनीं फेफरें आलें. डॉक्टरांनीं फेनिटॉइन नांवाच्या औषधाच्या १०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज चालूं केल्या. औषध जुनें आहे. हा पदार्थ १९०८ सालीं जर्मनींत बिल्ट्झ यांनीं प्रथम तयार केला, आणि फेफऱ्यावर तो चालतो हें अमेरिकेंत मेरिट व पुटनम यांनीं १९३८ सालीं दाखविलें. आईस त्यानें वर्षभर उत्तम गुण आला. मग गेल्या माघांत एके पहाटे पुन्हां फेफरें आलें.

भावाचा दूरध्वनि आला तेव्हां आम्ही महाविद्यालयांत निघण्याच्या तयारींत होतों. तो म्हणाला, “दादा, डॉक्टर म्हणतात अर्धी गोळी वाढवा, आणि तीन आठवड्यांनीं रक्त तपासून मग पुढचें बघूं.” आम्हांस तें फारच भित्रेपणाचें वाटलें. दोन गोळ्यांनीं भागलें नाहीं, तर सव्वादोन-अडीच करीत बसण्यांत काय अर्थ? आम्हीं म्हटलें, “अरे, दोनाच्या तीन कर. दीडपट औषध, दीडपट बचाव. यांत भिण्यासारखें काय आहे?” भावानें तसेंच केलें, डॉक्टरांस विचारलें नाहीं, रक्तहि तपासलें नाहीं. दादा प्रोफेसर, आणि तोहि गणिताचा! आईनें मागून विचारलें तेव्हां तिलाहि आम्हीं दूरध्वनीवर हा हिशेब समजावून सांगितला. ती “बरं” म्हणाली.

पहिले दोन आठवडे सर्व कांहीं ठीक होतें, आणि आम्ही आपल्या निर्णयावर खूष होतों. नंतर हळूहळू बिघाड होऊं लागला. प्रथम आईच्या हातून पेला सुटूं लागला. मग ती भिंतीस धरून चालूं लागली. बोलणें जड झालें, दिवसाहि डोळा लागूं लागला. भावास वाटलें, पुन्हां अर्धांगाचा झटका आला. आम्ही मिळेल ती एस. टी. पकडून एरंडोल-पारोळ्यावरून धुळ्यास गेलों. आई ओट्यावर बसली होती. आमच्याकडे पाहतांना तिची बुबुळें आडवीं थरथरत होतीं. आम्हीं जवळ बसून हात हातीं घेतला, तेव्हां ती जड जिभेनें म्हणाली, “तुनं गनित चुकनं का रे भाऊ?”

रक्त तपासलें. या औषधाचें प्रमाण लिटरमागें १० ते २० मिलिग्रॅम असावें असा संकेत आहे. आईच्या रक्तांत तें २७ निघालें. डॉक्टरांनीं तीन दिवस औषध थांबविलें आणि नंतर अडीच गोळ्यांवर आणलें, म्हणजे त्यांनीं मूळ सांगितलें होतें तेंच. ते आम्हांस एक अक्षरहि बोलले नाहींत. बोलले असते तर बरें झालें असतें.

पुढें आखाजीच्या सुट्टींत आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. चोपड्याकडचा मुलगा, आमच्याकडे गणित शिकून पुढें औषधांच्या गणितांत शिरला, आणि आतां पुण्यास तेंच काम करतो. नवीन औषधाचा रेणु अजून कोणाच्या तोंडांत गेलेला नसतो, पुष्कळदां तो तयारहि झालेला नसतो. असा रेणु पाण्यांत किती विरघळेल, आंतड्यांतून रक्तांत किती शिरेल, शरीरांत कोठें कोठें जाईल आणि किती वेळांत बाहेर पडेल, याचा अंदाज संगणकावर बांधणें हा त्याचा धंदा. आम्हीं आईची गोष्ट त्याला सांगितली. आपला दोष लपविला नाहीं. त्यानें ती शांतपणें ऐकली आणि म्हणाला, “सर, तुमचें त्रैराशिक कोठें तुटलें तें पाहूं या.” त्या संध्याकाळीं आमच्या जेवणाच्या मेजावर वही पसरून त्यानें जें सांगितलें तें आम्हांस जसें समजलें तसें येथें देतों.

गोळी पोटांत गेली म्हणजे औषध पोटांत गेलें असें आपण समजतों. तें खरें नव्हे. घन पदार्थ रक्तांत शिरूं शकत नाहीं. त्याला आधीं विरघळावें लागतें. या विरघळण्याचा नियम अमेरिकेंतील नॉइज व व्हिटनी यांनीं १८९७ सालीं बसविला. पदार्थाच्या कांड्या पाण्यांत फिरवून त्यांनीं असें दाखविलें कीं, विरघळण्याचा वेग हा पाणी तृप्त होण्यास किती वाव उरला आहे त्यावर अवलंबून असतो. पहिला चमचा साखर दुधांत झटकन् नाहींशी होते आणि शेवटला तळाशीं रेंगाळतो, तें याच कारणानें. पुढें त्यांत पृष्ठभागाचाहि हिशेब आला. खडीसाखरेपेक्षां पिठीसाखर लवकर विरघळते हें कोणत्याहि गृहिणीस ठाऊक आहे.

परंतु पाण्यांत मुळीं किती मावेल, हें रेणूचें केवळ स्वरूप पाहून सांगतां येईल काय? येथें दोन ओढी लक्षांत घ्याव्या लागतात. एक, स्फटिकांतील रेणु एकमेकांस किती घट्ट धरून आहेत. याची साक्ष पदार्थ किती उष्णतेला वितळतो यावरून मिळते. दुसरी, त्या रेणूस पाणी प्रिय कीं तेल; याची साक्ष ऑक्टॅनॉल नांवाच्या तेलासारख्या द्रवांत आणि पाण्यांत तो कसा वांटला जातो यावरून मिळते. अमेरिकेंतील याल्कोव्स्की यांनीं या दोन आंकड्यांवरून विद्राव्यता सांगणारें एक सोपें सूत्र दिलें; त्याचें हल्लीं प्रचलित असलेलें रूप २००१ सालचें आहे. अंश सेल्सियसमधील वितळण्याच्या उष्णमानांतून २५ वजा करून त्याचा शंभरावा भाग घ्यावा, त्यांत तेलप्रियतेचा आंकडा मिळवावा, आणि ती बेरीज ०.५ मधून वजा करावी. जें उरेल तें विद्राव्यतेचें लॉगरिथम. आयबुप्रोफेन या वेदनाशामक औषधास हें सूत्र लावलें तर लिटरमागें २१-२२ मिलिग्रॅम येतात, आणि प्रयोगशाळेंत मोजलेला आंकडाहि जवळजवळ तितकाच आहे. आम्ही थक्क झालों. पण त्या मुलानें लगेच तेंच सूत्र आईच्या औषधास लावून दाखविलें. उत्तर आलें पांच-सहा मिलिग्रॅम. मोजलेला आंकडा आहे वीस ते तीसच्या घरांत. “चार-पांच पट चूक ही आमच्याकडे नित्याची आहे, सर,” तो म्हणाला. “सूत्र वाईट नाहीं, तें किती चुकतें हें ठाऊक असलें म्हणजे उपयोगी पडतें.”

लिटरांत पंचवीस मिलिग्रॅम धरले तर दोन गोळ्यांतील औषध विरघळण्यास आठ लिटर, म्हणजे घागरभर पाणी लागावें. गोळींत तें सोडियमच्या क्षाररूपांत असतें म्हणून आरंभीं लवकर विरघळतें. पण पोटांतील आम्लांत तें पुन्हां मूळ रूपांत येतें, आणि मग आंतड्यांतून जातां जातां सावकाश विरघळत, सावकाश शोषलें जातें. या सावकाशीवर सर्व अवलंबून असतें. ऑस्ट्रेलियांत १९६८ च्या सुमारास एक विचित्र प्रकार घडला. हेंच औषध वर्षानुवर्षें सुखानें घेणाऱ्या रुग्णांस एकाएकीं झोकांड्या जाऊं लागल्या. मात्रा बदललेली नव्हती. बदलली होती ती फक्त कॅप्सूलमधील भर. पूर्वीं औषधाबरोबर कॅल्शियम सल्फेट भरीत, तेथें आतां दुधांतील साखर भरूं लागले होते. जुन्या भरीमुळें औषधाचा कांहीं भाग शोषला न जातां फुकट जात असे, तो आतां रक्तांत शिरूं लागला. गोळीवर लिहिलेला आंकडा आणि रक्तांत पोहोंचणारा आंकडा हे दोन निराळे, हें या घटनेनें जगास शिकविलें.

विरघळलेलें औषध पुढें जातें कसें, हें समजावून सांगतांना त्यानें आपल्याकडील फडाची उपमा घेतली, आणि ती आम्हांस फार चपखल वाटली. पांझरेच्या कांठीं जुन्या बंधाऱ्यांवर फड पद्धतीनें पाणी देतात हें वाचकांस ठाऊक असेलच. बंधाऱ्याचें पाणी पाटांत, पाटांतून चाऱ्यांत, चाऱ्यांतून एकेका फडांत. कोणत्या फडास किती वेळ पाणी मिळतें हें पाटकऱ्यास तोंडपाठ. शरीरहि असेंच आहे. आंतड्यांतून निघालेलें औषध प्रथम यकृतांत जातें, तेथून हृदयांत, आणि तेथून मेंदु, मूत्रपिंड, स्नायु, चरबी अशा निरनिराळ्या फडांत. प्रत्येक फडाचा विस्तार किती आणि त्यास रक्ताचा पुरवठा किती हें शरीरशास्त्रानें मोजलेलें आहे. शरीराची कोठ्यांत विभागणी करून औषधाचा प्रवास समीकरणांत मांडण्याचें काम स्वीडनमध्यें टेओरेल यांनीं १९३७ सालींच केलें होतें. परंतु तीं समीकरणें हातानें सोडविणें अशक्यप्राय होतें, म्हणून तीं कागदावर राहिलीं. संगणक आले तेव्हां त्यांस जीव आला. आज नवीन औषधास परवानगी देणाऱ्या अमेरिकेंतील व युरोपांतील संस्था असे हिशेब विचारांत घेतात, आणि ते कसे सादर करावेत याविषयीं त्यांनीं २०१८ सालीं नियमहि प्रसिद्ध केले.

आतां आमच्या चुकीकडे येतों. पाटांत पाणी थोडें असतें तोंवर बंधाऱ्यावर दुप्पट पाणी सोडलें तर पुढें दुप्पट वाहतें. तेथें त्रैराशिक बिनचूक. पण पाट तुडुंब झाला म्हणजे? मग अधिक सोडलेलें पाणी पुढें जात नाहीं. तें मागें तुंबतें. फेनिटॉइन शरीराबाहेर जातें तें मुख्यतः यकृताच्या मार्गानें. तेथील विकरें त्याचें रूपांतर करतात, आणि या विकरांची शक्ति ठराविक असते. बहुतेक औषधांच्या बाबतींत आपण त्या शक्तीच्या जवळपासहि जात नाहीं, म्हणून त्यांचा हिशेब प्रमाणांत चालतो. फेनिटॉइन हा मोठा अपवाद आहे. त्याच्या नित्याच्या मात्रेलाच हा पाट भरत येतो.

हें समीकरण मिकाएलिस व मेंटेन यांनीं १९१३ सालीं बर्लिनमध्यें मांडलें. विद्यार्थ्यानें तें वहींत लिहिलें तेव्हां आम्हांस आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. तो आमचा रोजचा अपास्त होता, ज्याला इंग्रजींत हायपरबोला म्हणतात! त्याचा आलेख आम्हीं फळ्यावर शेंकडों वेळां काढला असेल; आरंभीं सरळ चढणारी आणि पुढें आडवी होत जाणारी ती रेषा आंधळेपणानेंहि काढूं. पण तीच रेषा आईच्या यकृतांत आहे हें मात्र आमच्या ध्यानीं आलें नाहीं.

आंकडे सोपे आहेत, म्हणून देतों. यकृताची कमाल शक्ति सरासरीनें शरीराच्या दर किलोमागें रोज ७ मिलिग्रॅम. ४६ किलोंस ३२२. ही शक्ति निम्मी वापरली जाते ती रक्तांत लिटरमागें सुमारें ४ मिलिग्रॅम औषध असतांना. शंभराच्या गोळींत खरें औषध ९२. म्हणून दोन गोळ्यांचे १८४. आतां रोज घेतलेलें औषध आणि ४ यांचा गुणाकार करावा, आणि शक्तींतून जितकी शिल्लक राहिली त्यानें भागावें. रक्तांत स्थिरावणारें प्रमाण मिळतें. दोन गोळ्यांना शिल्लक १३८, उत्तर ५.३. अडीच गोळ्यांना औषध २३०, शिल्लक ९२, उत्तर १०. तीन गोळ्यांना औषध २७६, शिल्लक अवघी ४६, उत्तर २४. आमच्या त्रैराशिकानें ५.३ चे दीडपट ८ व्हावयास हवे होते. मात्रा दीडपट झाली. रक्तांतील औषध साडेचार पट झालें.

दुसरी गोष्ट याहून दगलबाज होती. त्याच समीकरणावरून असें निघतें कीं, दोन गोळ्या घेत असतां रक्तांतील प्रमाण चार दिवसांत स्थिरावण्याच्या बेतास येतें. तीन गोळ्या घेतल्या तर त्यास चार आठवडे लागतात. म्हणजे पहिल्या पंधरवड्यांत आईला कांहीं झालें नाहीं म्हणून आम्ही खूष होतों, तेव्हां पाट मागून तुंबत होता. आम्ही ज्यास पडताळा समजत होतों तो पडताळा नव्हताच. यासाठीं कांहीं मोठें यंत्र लागलें नाहीं. पुण्यास १९९१ सालीं तयार झालेल्या ‘परम’ महासंगणकाची कीर्ति आम्ही विद्यार्थ्यांस मोठ्या अभिमानानें सांगत आलों; पण हा हिशेब वहीच्या अर्ध्या पानावर बसला. आमच्याजवळ पान होतें, लेखणी होती, समीकरणहि होतें. नव्हती ती फक्त विचारण्याची बुद्धि.

इतकें झाल्यावर आम्ही त्या हिशेबावर इतके भाळलों कीं पुन्हां दुसऱ्या टोंकास जाऊं लागलों. आम्हीं म्हटलें, “मग रक्त तपासण्याची गरज काय? गणितानें २४ सांगितलें, निघाले २७. इतकें जवळ आलें म्हणजे पुरे.” तो हंसला. म्हणाला, “सर, २४ जवळ आला हें आपलें नशीब. ते सात आणि चार हे आंकडे पुष्कळ माणसांची सरासरी आहेत, आणि तींहि मुख्यतः परदेशांतील माणसें. कित्येकांच्या यकृतांतील हें विकर जन्मतःच मंद असतें. आजींचें तसें असतें तर तीन गोळ्यांना उत्तरच निघालें नसतें. शिल्लक शून्याखालीं गेली असती, आणि रक्तांतील औषध चढतच राहिलें असतें.”

आमचा चेहरा पाहून त्यानें दुसरी उपमा दिली. तो शेतकऱ्याचा मुलगा. गांवची पैसेवारी कशी ठरते हें त्यानें लहानपणापासून पाहिलेलें. आमच्या वडिलांच्या तोंडीं आणेवारी हा शब्द असे. आतां पैसेवारी म्हणतात. आधीं नजर पैसेवारी निघते; पीक उभें असतांना पाहणी करून बांधलेला तो अंदाज. मग पीक कापणीचे प्रयोग होतात आणि अंतिम पैसेवारी लागते. पन्नास पैशांच्या खालीं गेली तर गांव टंचाईंत धरलें जातें. पण ती पैसेवारी गांवाची असते. गांवास साठ पैसे लागले म्हणून नाल्यापलीकडच्या खडकाळ चार एकरांत साठ पैसे पिकले असें होत नाहीं. ज्याचें तें शेत, त्याला ही गोष्ट फार चांगली समजते, आणि ती सरकारास समजावून देतां देतां त्याचा जन्म जातो. “सात आणि चार ही गांवची नजर पैसेवारी,” तो म्हणाला. “आजींच्या शेतांतली कापणी म्हणजे त्यांच्या रक्ताचा एक थेंब.”

मग त्यानें जें केलें तें आम्हांस या सर्व शास्त्राचें सार वाटतें. सरासरीचा अंदाज फेंकून द्यावयाचा नाहीं, आणि एका मोजमापावर आंधळा विश्वासहि ठेवावयाचा नाहीं. एकानें दुसऱ्यास दुरुस्त करावयाचें. अमेरिकेंतील शायनर यांनीं १९७२ सालीं संगणकाच्या साहाय्यानें एकेका रुग्णाची मात्रा ठरविण्याची अशीच रीत दाखविली. रक्तांतील २७ हा आंकडा धरला तर आईच्या यकृताची शक्ति ३२२ नव्हे, ३१७ च्या आसपास ठरते. ती घेऊन अडीच गोळ्यांचा हिशेब केला तर रक्तांत १०.६ यावयास हवे. आईचें रक्त पुढच्याच आठवड्यांत तपासावयाचें होतें. तो म्हणाला, “सर, हा आंकडा आजच तारीख घालून वहींत लिहून ठेवा. निकाल आल्यावर गणित बसविणें सगळ्यांनाच जमतें.” आम्हीं लिहून ठेवला. इतक्या वर्षांच्या अध्यापनांत उत्तरासाठीं मागील पान उलटावयाचें नाहीं असा प्रश्न आम्हांस प्रथमच पडला होता. तो आठवडा आम्ही कसा काढला हें सांगत नाहीं. आंकडा चुकला असता तर शास्त्राचें कांहीं बिघडलें नसतें. परंतु आईच्या प्रकृतीच्या बाबतींत आम्ही पुन्हां अंधारांत गेलों असतों.

निकाल आला. रक्तांत ११ निघाले. तोंवर तिची चाल सुधारली होती, बुबुळें स्थिर झालीं होतीं, आणि तेव्हांपासून आजतागायत फेफरें आलेलें नाहीं.

हा लेख वाचून कोणी आपल्या घरच्या रुग्णाची मात्रा वहीवर ठरवूं नये, हें निराळें सांगावयास नको. उलट आम्हांस जें शिकावयास मिळालें तें नेमकें याच्या विरुद्ध आहे. डॉक्टरांनीं म्हटलें होतें: अर्धी गोळी वाढवा, मग रक्त बघूं. त्या दोन वाक्यांत सर्व समीकरण सांठविलेलें होतें. थोडें पाऊल टाकावें, कारण पाट कोठें भरतो हें आपल्यास ठाऊक नाहीं. आणि मग मोजावें, कारण हें शेत गांवापेक्षां निराळें असूं शकतें. आम्हीं त्यास भित्रेपणा समजलों. संगणकावर रेणूंचा प्रवास पाहणारा तो मुलगा आणि धुळ्यांतील ते डॉक्टर यांची रीत मुळांत एकच निघाली. आमचीच तेवढी निराळी होती.

निकाल कळल्यावर आम्ही धुळ्यास गेलों आणि आईजवळ बसून हा सर्व प्रकार तिला, तिला समजेल अशा शब्दांत, सांगितला. आपली चूक स्पष्ट कबूल केली. तीन गोळ्यांनीं दीडपट नव्हे तर साडेचार पट झालें हें ऐकून तिला मुळींच नवल वाटलें नाहीं. ती म्हणाली, पंगतीला माणसें दुप्पट झालीं म्हणून वरणांत मीठ दुप्पट टाकीत नाहींत. थोडें टाकावें, चव घ्यावी, आणि मग लागेल तसें टाकावें. एवढें बोलून तिनें भावाच्या मुलीस हांक मारली, आणि दादासाठीं बट्ट्या तळावयास काढ म्हणून सांगितलें. ती स्वतः उठून, भिंतीस न धरतां, वरणाची चव बघावयास स्वयंपाकघरांत गेली.